पायपेटीवरून पाइप ऑर्गनकडे: नाताळची गाणी बसवताना

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्राकडच्या आमच्या गावात, नोव्हेंबर संपत आला की संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या ओटीवरून पेटीचे सूर यायला लागतात. गायकवृंदाची तालीम सुरू झालेली असते. नाताळची गाणी पेटीवर किंवा सिंथेसायझरवर वाजवणारी मुलंमुली आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या कानावर मोबाइलवरून तीच गाणी मोठ्या पाइप ऑर्गनवर वाजवलेली येतात, आणि मग ते डोक्यातून जात नाही. हा लेख अशा मंडळींसाठी आहे. पेटी बऱ्यापैकी वाजवता येते आणि सरगम कळते, एवढंच मी धरून चाललो आहे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य पाच रेघांची स्वरलिपी, पुढे शिकावं लागेलच, पण ते येत नाही म्हणून थांबू नका.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण ती कळायला माझे चार नाताळ गेले. मोठा ऑर्गन मिळाला की हात आखडता घ्यायला शिकावं लागतं. कॅरोल, म्हणजे नाताळचं गाणं, हे माणसांनी गायचं गाणं आहे. ऑर्गनने त्याला आधार द्यायचा, वाट दाखवायची आणि एका कडव्याला एकच बदल करायचा. खाली जे सांगतो आहे ते सगळं या एका नियमाभोवती आहे.

वाद्याची ओळख

आपली पायपेटी, संगीत नाटकातला ऑर्गन, तळकोकणात दशावतारात वाजते ती पेटी, ही सगळी एका घरातली भावंडं. यांच्या आत पितळेच्या पातळ जिभा असतात. आपण त्यांना सूर म्हणतो. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत अशी जीभ नसते. त्या शिट्टीसारख्या वाजतात: खालून हवा येते, फटीतून बाहेर पडताना वरच्या धारेवर आपटते आणि नळीतली हवा घुमायला लागते. थोड्या नळ्यांत मात्र पितळी जीभ असते. त्यांना रीड म्हणतात, आणि ट्रम्पेट, ओबो अशी त्यांची नावं असतात. त्यांचा आवाज सनईच्या जातीचा, टोकदार.

एक नळी एकच सूर देते, आणि तोही एकाच रंगाचा. हाताच्या पट्ट्या 61 असतील तर बासरीच्या रंगासाठी 61 नळ्या, ट्रम्पेटच्या रंगासाठी आणखी 61. म्हणून मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्यांचा आकडा हजारांत जातो. कुठला रंग चालू ठेवायचा ते बाजूच्या खुंट्या ओढून ठरवायचं. या खुंट्यांना स्टॉप म्हणतात. हाताच्या पट्ट्यांच्या रांगा एकाखाली एक दोन, तीन किंवा चार असतात, त्यांना मॅन्युअल म्हणतात. मुख्य रांग ग्रेट. दुसरी स्वेल. स्वेलच्या नळ्या लाकडी पेटाऱ्यात बंद असतात आणि पेटाऱ्याला आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांसारख्या झडपा असतात. पायाने एक पट्टा दाबला की झडपा हळूहळू उघडतात आणि आवाज पुढे येतो. पट्टी जोरात दाबून आवाज मोठा होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पायपेटीवर पाय जोरात मारून आपण सुराला जो उठाव देतो, तोही इथे नाही. हवा विजेचा पंखा भरतो आणि तिचा दाब कायम सारखा राहतो.

मग पायांना काम काय? सूर वाजवायचं. हा बदल पचायला सगळ्यात जड जातो. पायाखाली लाकडी पट्ट्यांची पूर्ण रांग असते, साधारण 30 किंवा 32 पट्ट्यांची, आणि गाण्याचा खर्ज तिथे वाजतो. मुंबईतल्या एका चर्चमध्ये मला पहिल्यांदा तासभर बसायला मिळालं, तेव्हा मी उजव्या हाताने चाल धरली आणि डाव्या पायाने अगदी टोकाची लाकडी पट्टी दाबली. आवाज कानात यायच्या आधी बाकामधून मांड्यांना जाणवला. पेटीवर अकरा वर्षं घालवूनही माझे पाय हवा भरायचा जुना ठेका धरून हलत होते, त्यामुळे तो सूर तुटत तुटत येत होता. पाय स्थिर ठेवायला मला दोन महिने लागले.

स्टॉपवरचे आकडे

प्रत्येक स्टॉपवर नावाखाली 8, 4, 2, 16 असा आकडा असतो. तो फुटांचा. सगळ्यात खालच्या पट्टीची उघडी नळी साधारण 8 फूट लांब असेल तर तो 8 फुटी स्टॉप, आणि तो पेटीच्या सुराइतकाच सूर देतो. 4 म्हणजे एक सप्तक वर, 2 म्हणजे दोन सप्तकं वर, 16 म्हणजे एक सप्तक खाली. पेटीवाल्यांना हे लगेच उमगेल: आपल्या पेटीत खर्ज, नर, मादी असे सुरांचे जोड असतात, तसेच हे 16, 8 आणि 4. कपलरही तुमच्या ओळखीचा आहे, फक्त इथे तो एका मॅन्युअलचे सूर दुसऱ्या मॅन्युअलला किंवा पायांच्या पट्ट्यांना जोडून देतो.

काही आकडे विचित्र दिसतात. 2⅔ म्हणजे दाबलेल्या पट्टीच्या वरच्या सप्तकातला पंचम. 1⅗ म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. सा दाबल्यावर पंचम आणि गंधार कशाला हवेत, असं वाटेल. तानपुरा आठवा. खर्जाची तार छेडली आणि जवारी चांगली लागली असली की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. एका सुराच्या पोटात हे वरचे सूर असतातच. ऑर्गन बांधणाऱ्यांनी त्यांच्यासाठी वेगळ्या नळ्या केल्या. 8, 4, 2⅔, 2 आणि 1⅗ एकत्र ओढलं की जो भरीव, किंचित अनुनासिक रंग तयार होतो त्याला कॉर्नेट म्हणतात, आणि एका हाताने एकटी चाल वाजवायला तो फार सुंदर आहे. मिक्स्चर नावाचा स्टॉप असे पुष्कळ बारीक वरचे सूर एकदम देतो आणि त्याने सगळ्या आवाजाला चकाकी येते. हे स्टॉप 8 फुटी स्टॉपच्या आधाराशिवाय कधीही वाजवू नका, नुसता चरचराट होतो.

सराव कुठे करायचा

कोकणपट्टीवर चालता पाइप ऑर्गन सहज हाताशी मिळत नाही, हे मान्य करूनच सुरुवात करायला हवी. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लाकडाला, चामड्याला आणि तारांना छळतो. आधी एकदा जाऊन प्रत्यक्ष वाद्य बघून या. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पाइप ऑर्गन आहेत. वसई रोडहून चर्चगेट लोकल पकडा. चर्चगेट हे नावच मुळी किल्ल्याच्या त्या दरवाजावरून पडलं, जो सेंट थॉमस चर्चकडे जायचा. उपासनेच्या वेळी जा, मागे शांत बसा, संपल्यावर वादकाला भेटा आणि जवळून बघू का, असं विचारा. मी विचारलं होतं आणि मला कुणी झिडकारलं नाही.

रोजचा सराव घरी संगणकावर होतो. ग्रँडऑर्ग नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. युरोपातल्या खऱ्या ऑर्गनच्या एकेका नळीचा आवाज ध्वनिमुद्रित करून तयार केलेले संच त्यात घालता येतात, आणि त्यांतलेही काही मोफत मिळतात. हाउप्टवर्क हे त्याच प्रकारचं, पण पैसे मोजून घ्यायचं. संगणकाला जोडायचे 61 पट्ट्यांचे दोन मिडी कीबोर्ड एकावर एक मांडले की दोन मॅन्युअल झाली. पायांसाठी वेगळा पेडलबोर्ड महाग पडतो. तो नसेल तोवर खर्ज डाव्या हाताने वाजवा, पण स्वतःला फसवू नका, पायांचा सराव राहिला आहे हे वहीत लिहून ठेवा. आवाज घरातल्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. 16 फुटी सूर तिथे येतच नाहीत. बरा हेडफोन घ्या.

पायात चप्पल चालणार नाही, अनवाणी पायही नाही. पातळ तळाचे, लहान टाचेचे, पायात घट्ट बसणारे चामडी बूट घ्या आणि ते फक्त ऑर्गनसाठीच ठेवा. रस्त्यावरच्या वाळूचा एक कण लाकडी पट्टीवर ओरखडा काढतो. बाकाच्या मधोमध बसा, गुडघे जवळ ठेवा, आणि काळ्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागा पावलाच्या कडेने चाचपून सूर ओळखायला शिका. खाली बघायची सवय पहिल्या आठवड्यातच मोडा.

पहिलं गाणं

सुरुवात 'सायलेंट नाइट'ने करा. 24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या धर्मगुरूंचे, चाल फ्रान्झ क्सावर ग्रूबर या शिक्षकाची. त्या रात्री साथीला ऑर्गन नव्हता, गिटार होती. उंदरांनी भाता कुरतडला होता वगैरे जी गोष्ट सांगतात ती मागाहून रचलेली. पण गिटारची गोष्ट खरी आहे आणि ती आपल्या कामाची आहे: ज्या गाण्याचा जन्म सहा तारांवर झाला, त्यावर सगळा ऑर्गन ओतायचा नाही.

ताल सहा मात्रांचा आहे, आपल्या दादऱ्यात मनात धरता येईल, फक्त लय अगदी संथ. सरावासाठी पांढरी एकमध्ये घ्या. चाल अशी:

प ध प ग, प ध प ग, रें रें नि, सां सां प.
ध ध सां नि ध प ध प ग, आणि हेच पुन्हा एकदा.
रें रें मं रें नि सां गं, सां प ग प म रे सा.

पहिले दोन दिवस फक्त ही चाल, स्वेलवर, 8 फुटी बासरीच्या एका स्टॉपवर. मग पायाकडे या. सगळ्या गाण्याला खर्जात तीनच सूर लागतात: सा, म, प. सहा मात्रांचं एक आवर्तन धरलं तर पूर्ण कडवं बारा आवर्तनांचं होतं. त्यातला खर्ज क्रमाने असा: सा, सा, प, सा, म, सा, म, सा, प, सा, मग अकराव्यात अर्धा सा आणि अर्धा प, आणि बाराव्यात सा. सा डाव्या पायाने, म आणि प उजव्या. नुसत्या पायांनी हा खर्ज वाजवत तोंडाने गाणं म्हणा. हात मांडीवर. हे नीट जमेपर्यंत हात पट्ट्यांवर ठेवायचेच नाहीत, एवढा कडक नियम मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना घालतो.

आता डावा हात. खर्ज सा असेल तेव्हा सा ग प, म असेल तेव्हा सा म ध, प असेल तेव्हा मंद्रातला नि घेऊन नि रे प. नीट बघा, पहिल्या आणि दुसऱ्या जोडीत सा तसाच राहतो, पहिल्या आणि तिसऱ्यात प. जो सूर तसाच राहतो तो बोटाखालून सोडायचा नाही, बाकीची दोन बोटं तेवढी सरकवायची. हात उचलून नवा कॉर्ड मारायची सवय सिंथेसायझरवर लागते, ऑर्गनवर ती कानाला टोचते, कारण इथे सूर दाबला की सुरू आणि सोडला की संपला, मधली विझत जाणारी पायरी नाही.

याच कारणाने दोन सुरांमधली फट हेच ऑर्गनवर जोर द्यायचं साधन आहे. सलग चाल हवी तर एक पट्टी सोडता सोडता दुसरी दाबायची, आणि बोटं अपुरी पडली तर दाबलेल्या पट्टीवरच गुपचूप एक बोट काढून दुसरं ठेवायचं. तोच सूर लागोपाठ दोनदा आला, जसा इथे 'रें रें' किंवा 'ध ध', तर पहिला निम्म्या वेळेत सोडायचा. नाहीतर ऐकणाऱ्याला दोन सूर ऐकूच येत नाहीत. मींड इथे नाही, गमक नाही. आपल्या कानाला त्याची चुकचुक लागते, मलाही लागली. त्या जागी नेमकेपणा येतो, आणि काही दिवसांनी त्याची गोडी कळते.

चाल बसली की लोकांसाठी गाणं काळी पाचमध्ये आणा. पांढरी एकमध्ये तारसप्तकातला तो मं घराघरांतून आलेल्या माणसांना चढत नाही.

कडव्यागणिक रंग

अरेंजमेंट हा शब्द ऐकून घाबरायला होतं. पहिल्या वर्षी अरेंजमेंट म्हणजे एवढंच ठरवायचं: कुठल्या कडव्याला कुठले स्टॉप.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्यांदा मोठा डिजिटल ऑर्गन वाजवायला मिळाला त्या मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) मी पहिल्याच गाण्याच्या पहिल्याच कडव्याला रीड, मिक्स्चर, सगळं ओढलं. दुसऱ्या ओळीपर्यंत खालचं गाणं बंद पडलं होतं. माणसं वळून वर बघत होती. मिस्सा झाल्यावर गायकवृंदातल्या एक वयस्कर मावशी जिना चढून माझ्याकडे आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बाळा, आमाला श्वास घ्यायला जागा ठेव रे." त्या रात्री घरी जाऊन मी प्रत्येक गाण्याच्या कागदावर कडव्यांच्या बाजूला पेन्सिलीने रेघा ओढल्या.

'ओ कम ऑल यी फेथफुल', म्हणजे लॅटिन 'आदेस्ते फिदेलेस', चार कडव्यांनी गातात असं धरू. पांढरी पाचमध्ये. चालीची सुरुवात सा सा, मंद्रातला प, सा, रे, पुन्हा तो प, मग ग रे ग म ग रे. मी ते असं बसवतो.

पहिलं कडवं ग्रेटवर, प्रिन्सिपल 8 आणि 4. प्रिन्सिपल हा ऑर्गनचा स्वतःचा आवाज, कशाची नक्कल नसलेला. पायात 16 आणि 8. लोकांना सूर आणि लय स्पष्ट कळते, त्यांचा आवाज दबत नाही.

दुसऱ्या कडव्यात स्वेलवर जायचं, बासरी 8 आणि 4, झडपा अर्ध्या बंद. एकदम मोकळं वाटतं, आणि माणसांना स्वतःचा आवाज ऐकू येतो. इथे खर्ज नुसत्या मऊ 16 फुटी स्टॉपवर ठेवा.

तिसऱ्या कडव्याला मी ऑर्गन पूर्ण थांबवतो आणि गायकवृंद चार आवाजांत एकटा गातो. यासाठी तालीम लागते, सूर उतरतो म्हणून. पण हजार माणसांच्या चर्चमध्ये ऑर्गन थांबला की जी शांतता पडते आणि तिच्यात बायकांचे आणि पुरुषांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात, त्यासाठी ती तालीम करण्यासारखी आहे. मोठ्या वाद्याने काय देता येतं, याचं माझ्या मनातलं पहिलं उत्तर हेच आहे.

चौथ्याला प्रिन्सिपल 8, 4, 2 आणि मिक्स्चर. धृपदाची ओळ तीनदा येते, चाल स्वतःच वर चढत जाते. पहिल्यांदा पाय उचलून ठेवा, खर्ज नाही. दुसऱ्यांदा खर्ज आणा. तिसऱ्यांदा, आणि तेव्हाच, पायातला 16 फुटी रीड. तो राखून ठेवला असेल तर तिसऱ्या वेळी जमीन हलल्यासारखी वाटते.

'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' बसवतानाही साचा तोच, फक्त शांत कडवं एकच ठेवा, चालीचा स्वभाव चालण्याचा आहे. त्याचे शब्द चार्ल्स वेस्ली यांनी 1739 मध्ये छापले. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेही 1739. इथल्या चर्चच्या घंटा तेव्हा निघाल्या आणि आज भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला देवळांत वाजतात. मी हे गाणं वाजवतो तेव्हा दर वेळी ते मनात येतंच. चाल मात्र शंभर वर्षांनंतरची, जर्मन संगीतकार मेंडेलसनने 1840 मध्ये केलेल्या एका रचनेतून पुढे घेतलेली.

'जॉय टू द वर्ल्ड' पेटीवाल्यांना सगळ्यात लवकर येतं. पहिली ओळ म्हणजे सां नि ध प म ग रे सा, नुसता शुद्ध स्वरांचा अवरोह. पांढरी दोनमध्ये घ्या. गंमत लयीत आहे: सां दोन मात्रा, नि दीड, ध अर्धी, प तीन, म एक, ग दोन, रे दोन, सा तीन. दीड आणि अर्धी नीट पाळली नाही तर तो अवरोह पलट्यासारखा सपाट वाजतो.

शेवटचं कडवं

इंग्लंडमधल्या ऑर्गनवादकांनी एक सुंदर पद्धत रुळवली आहे. शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी एकच चाल एका आवाजात गायची आणि ऑर्गनने तिच्याखालचे कॉर्ड बदलायचे. वर उंच मुलींचा किंवा मुलांचा वेगळा आवाज चढवतात, त्याला डेस्कंट म्हणतात. ही पद्धत ऐकायची असेल तर 24 डिसेंबरला रात्री साडेआठला रेडिओ किंवा इंटरनेट लावा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधला नऊ पाठ आणि कॅरोलचा विधी तिथल्या दुपारी तीनला सुरू होतो. विधी 1918 पासूनचा, आणि बीबीसीने तो पहिल्यांदा 1928 मध्ये प्रक्षेपित केला. आपली मध्यरात्रीची मिस्सा त्यानंतर असते, त्यामुळे ऐकून निघता येतं.

नव्या माणसाने कॉर्ड बदलायचे कसे? दोन साधी साधनं पुरतात. एक, चाल सा वर रेंगाळत असेल तिथे खर्ज सा, नि, ध, प असा पायरीपायरीने उतरवायचा आणि डाव्या हाताने त्या त्या खर्जाला सोसेल ते भरायचं. दोन, धृपदाच्या शेवटच्या ओळीआधी पायाने प धरून ठेवायचा आणि वर कॉर्ड बदलत राहायचे. आपल्या कानाला हे परकं नाही, तानपुऱ्यावर प अखंड वाजत असतोच. तो प सुटून सा वर आला की ऐकणाऱ्याच्या छातीतून श्वास सुटतो. चार आवाजांत गाणाऱ्यांना हे आधी सांगा. त्यांनी जुने सूर धरले तर दोघांची टक्कर होते.

लोकांबरोबर वाजवताना

सुरुवातीचं संगीत म्हणून पहिली ओळ आणि शेवटची ओळ वाजवा, गाण्याच्या नेमक्या लयीत. शेवटी लय ओढू नका, नाहीतर लोकांना कुठे उचलायचं ते कळत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी, जिथे तुम्ही स्वतः गाताना श्वास घ्याल, तिथे हात खरोखर उचला. मी वाजवताना शब्द ओठांत म्हणतो, म्हणजे ही जागा चुकत नाही. दोन कडव्यांमध्ये अंतर मोजून ठेवा, दर वेळी तेवढंच.

मोठ्या चर्चमध्ये लोकांचं गाणं तुमच्यापर्यंत उशिरा पोचतं. आवाजाला 34 मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि तुमचा सूर त्यांच्याकडे जाऊन त्यांचा परत येईपर्यंत तो दुप्पट. त्यांची वाट बघत वाजवलंत की लय कडव्याकडव्याला मंदावत जाते. मनातली लय धरा आणि पुढे चला.

सुराचंही एक सांगायला हवं. हवा तापली की बासरीजातीच्या नळ्यांचा सूर चढतो, 10 अंशांना सुमारे 30 सेंट, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा जवळपास तिसरा भाग. रीड फारसे हलत नाहीत. दुपारी थंड, रिकाम्या चर्चमध्ये जुळलेला ट्रम्पेट मध्यरात्री गर्दीच्या उबेत बाकीच्यांपेक्षा उतरलेला लागतो. लोक आत आल्यावर एकदा हळूच तपासा, आणि पटत नसेल तर त्या रात्री रीड वापरू नका.

दमट हवेत पट्टी किंवा झडप अडकून एखादा सूर आपोआप वाजत राहतो. त्याला सायफर म्हणतात. घाबरून वाजवणं थांबवू नका. डाव्या हाताने एकेक स्टॉप आत ढकला. सूर ज्याने बंद होईल तो स्टॉप रात्रभर बंद ठेवा आणि बाकीच्यांवर निभवा. वीज जाण्याची तयारीही हवी. हवा संपली की मोठा ऑर्गन दोन सेकंदांत मुका होतो. आमच्याकडे अजूनही जिन्याजवळ एक पायपेटी झाकून ठेवलेली असते, आणि एका वर्षी 'सायलेंट नाइट'ची शेवटची दोन कडवी तिच्यावर झाली. मेणबत्त्या लावलेल्याच होत्या. कुणीही गायचं थांबलं नाही.

24 तारखेला सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच: बूट, छोटी विजेरी, पेन्सिल, कपड्याचे चिमटे (वरच्या पंख्याने कागद उडतात), आणि वही. मिस्सा संपली की शेवटचं गाणं लोक बाहेर पडेपर्यंत वाजवा. मग सगळे स्टॉप आत ढकला, ऑर्गनचा हवा भरणारा पंखा बंद करा, पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा, खारी दमट हवा रात्रभर लागू नये म्हणून झाकण लावा. आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याजवळ रांग लावून उभ्या असलेल्या मंडळींना भेटायला खाली उतरण्याआधी वही उघडून कुठल्या कडव्याला प्रत्यक्षात काय ओढलंत ते लिहा, सकाळपर्यंत ते विसरतं. माझ्या वहीतली त्या पुढच्या वर्षीची नोंद अशी आहे: 'आदेस्ते, कडवं दोन, बासरी 8, फक्त ती. मावशी गात होत्या, वरपर्यंत ऐकू आलं.'